तांब्याची ओळ

अक्षतानं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि उजव्या डोळ्यावर सपकन मारलं. कण काही निघेना. कागलच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं गाडी होती, तेव्हा पाचटाचं कुसळ डोळ्यात शिरलं होतं. तेव्हापासून डोळ्याची नुसती आग होत होती.

शालनबाई घरातून भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"हे घे पोरी, गार हाय."

"नको बाई, आहे माझ्याकडं," म्हणत अक्षतानं बाटली पुन्हा ओंजळीत रिकामी केली.

बाईंनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या.

शालन कांबळे शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरुणपणी त्यांनी मुलांसाठी 'सहा वेशींचं राज्य' ही गोष्टींची मालिका लिहिली. कोल्हापुरात एक पिढी त्या पुस्तकांवर वाढली आणि त्यातल्या जिभल्या जादूगाराला भिऊन मुकाट जेवली. जिभल्या रात्री येतो आणि मुलांचे डोळे चाटून खातो, असं राज्यातले लोक म्हणायचे आणि घरोघरच्या आयाही तेच सांगायच्या. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी कळतं, की राज्याच्या राणीनं सोडलेल्या वाऱ्यानं लोकांच्या डोळ्यांत काटे जातात आणि हा बिचारा ते जिभेनं अलगद काढतो. पण तिथवर वाचतंय कोण? भीती घालायला पहिलं पुस्तक पुरेसं होतं.

अक्षतानं मात्र तिथवर वाचलं होतं, आणि तिला जिभल्याची भीती नव्हे, किळस यायची. आताही यायची. लाळेनं चकचकणारी ती लांब जीभ परक्याच्या डोळ्यात घालायची, बुबुळावरून फिरवायची! राजारामपुरीतल्या प्रकाशनाच्या कचेरीत नव्या आवृत्तीचं काम करताना ते पान आलं, तेव्हा तिनं उघडलेला डबा तसाच झाकून ठेवला होता. प्रकाशक यशराजचंही म्हणणं तेच होतं. "आजकालच्या आईबापांना थुंकी चालत नाही. जिभेच्या जागी मोरपीस घाल. आणि बाईंचा होकार घेऊनच ये, नाहीतर पुस्तक छपाईला जाणार नाही."

म्हणून ती आली होती. आणि आल्या आल्या डोळा सुजवून बसली होती.

घरात येऊन बसल्यावर बाईंनी चष्मा लावून तिनं आणलेली पानं उलटायला सुरुवात केली. अक्षता बाटली मांडीवर धरून, एक डोळा मिटून बसली. जिभेच्या पानावर तांबड्या पेनानं ओळीच्या ओळी खोडल्या होत्या. आता बाई भडकणार, असं तिला वाटलं. काय बोलायचं, ते तिनं वाटेतच ठरवलं होतं.

बाईंनी ते पान उलटलं. पुढच्या पानावर मात्र त्यांचं बोट थांबलं.

"ही का खोडलीस?"

अक्षतानं वाकून पाहिलं. 'पाटील जिभल्याच्या दारात आला, तेव्हा त्याच्या हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या होता.' एवढीच ओळ.

"त्या तांब्याचं पुढं काहीच होत नाही ना, बाई. उगीच आलाय."

"उगीच?" बाईंनी चष्मा काढला. "जिभल्या म्हंजी कोण वाटला तुला?"

"कोण म्हणजे? तुमच्या डोक्यातला."

"माझी आई ती. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. मळणीत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की मानसं आमच्या दारात. आई डोळा फाकवून धरायची न् जिभेच्या शेंड्यानं कुसळ काढायची. थोरामोठ्या घरातली मानसंबी यायची. तवा तिच्या जिभेचा इटाळ न्हवता कुणाला."

अक्षतानं नकळत दुखरा डोळा तळव्यानं झाकला.

"चांगलंच की मग," ती कसंबसं म्हणाली.

"व्हय. चांगलंच. कुसळ निघालं, की आई आत जाऊन पाणी आणायची, डोळं धुवायला. तर मानसं म्हणायची, नको, हाय आमच्याकडं. घरनंच तांब्या भरून आणलेला असायचा. तितंच अंगणात, तिच्यासमोर धुवायची. तिची जीभ डोळ्यात चालायची, पण आमच्या घरातलं पाणी गालाला चालत न्हवतं."

अक्षताची बोटं बाटलीवर आवळली. मुरगूडला तिच्या स्वतःच्या घरी काचेच्या कपाटात आजोबांचा पितळी तांब्या आहे, दर दिवाळीला चिंचेनं लख्ख घासलेला. आजोबा बाहेर कुठं पाण्याला शिवायचे नाहीत, असं आजी किती कौतुकानं सांगायची! इतक्या वर्षांत अक्षताला ते स्वच्छतेचंच कौतुक वाटत आलं होतं. तिला शिसारी आली, आणि या वेळी जिभल्याची नव्हे. बाटली पिशवीत कोंबायला ती धडपडली, पण पिशवीचं तोंड काही सापडेना.

"जीभ काढा," बाई म्हणाल्या. "मोरपीस घाला, न्हायतर आनी काय घाला. आता कुणाला खरं वाटणार हाय? पर तांब्या ऱ्हाऊ द्या."

अक्षतानं पेन घेतलं. खोडलेल्या ओळीखाली, राहू द्यावं म्हणून टिंबं दिली. मग मागचं, जिभेचं पान उलटलं आणि तिथंही टिंबं देऊ लागली. डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं. ते कुसळाचं म्हणून खपून गेलं असतं.

"बाई," तिनं शेवटी विचारलं, "तुम्हाला येतं ते? बघता का माझा डोळा?"

"न्हाय गं. आई शिकवायला बसली हुती. मीच उठून गेल्ती." बाईंनी पानं नीट जुळवून तिच्यापुढं सारली. "किळस यायची मला."

"डोळ्यांची?"

बाई उठल्या आणि अंगणात गेल्या. कट्ट्यावरचा तांब्या अजून काठोकाठ भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि शेवग्याच्या बुंध्याशी ओतून टाकला.