खामपुनच्या पतंगाचा सूर

कापणी उरकलेल्या शेतांवर सुवर्णधूसर संध्याकाळ उतरत होती. ईशान्येचा वारा आला होता; कोरडा, शीतल, भातगंधी वारा. थायलंडातल्या बुरीराम प्रांतातली माणसं वर्षभर ज्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तो हा पतंगांचा वारा.

इथले पतंग मुके नसतात. त्यांच्या माथ्यावर बांबूची धनुकली, धनुकलीला ताणलेली ताडाची पातळ पात. वारा तिला छेडतो आणि आभाळ गुणगुणू लागतं. पातीच्या टोकांना मेण दाबून ज्याचा तो आपला सूर जुळवतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून पतंग कुणाचा ते कळतं.

थोंगबायला ओढ होती ती एकाच सुराची, नवऱ्याच्या, खामपुनच्या. खर्जातला, संथ, शेवटी किंचित कापणारा सूर. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस, त्याचं सारं बोलणं पतंगच बोलायचा. पावसाळ्यात तापाने तो गेला. घर अबोल झालं. पण पतंग भिंतीवर होता. वारा येऊ दे, ती मनाची समजूत घालायची, एकदाच ऐकेन.

आज धाकटा दीर विचाई तो पतंग घेऊन बांधावर उभा राहिला. दोर सुटला. केशरपंखी, दीर्घपुच्छ पतंग वर गेला, आणखी वर गेला, आणि गाऊ लागला.

उंच, स्वच्छ, निष्कंप. थोंगबायने मान वर करून पुन्हा ऐकलं. हा खामपुनचा सूर नव्हता.

"नव्या वाऱ्याला नवी पात, वहिनी," विचाई कौतुकाने म्हणाला. "दादा दर वर्षी बदलायचा ना? मेणसुद्धा खरवडून नवं लावलं."

जुनी पात कुठे आहे, तिने विचारलं. चुलीत टाकली, तो म्हणाला.

रागवावं तरी कुणावर? मेण वितळवताना त्याची बोटं पोळली होती. भावाची माया होती ती. पण खामपुन गेला त्या दिवशीही ती इतकी एकटी पडली नव्हती.

"छान वाजतोय," ती म्हणाली.

मग डोळे मिटून ती आतल्या आत जुना सूर शोधू लागली. वरून नवा सूर पाझरत राहिला, निर्मळ, निर्दय, पाझरत राहिला. दिवेलागणीला, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिने गुणगुणून पाहिलं. गळ्यातून आला तो नवाच सूर.