कणांना बसलेले धक्के

धनेशनं शर्वरीचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ प्रयोगशाळेतल्या टेबलावर आदळलं. मग पुन्हा, पुन्हा. मायक्रोस्कोप हादरला. काठावरची काचेची बाटली खाली पडून फुटली.

"बेंगळुरूला जाणार? मला न विचारता फॉर्म भरलास?"

पाच मिनिटांनी तोच धनेश आपल्या रुमालानं तिचं रक्त टिपत होता.

"सॉरी ना, शरू. तू गुस्साच असा आणतेस."

आत शिरताना त्यानं दाराची कडी लावली होती, कॉरिडॉरमधला कॅमेरा कुठं बघतो तेही पाहून घेतलं होतं. हुशार माणूस! कॉमर्स शिकवणारा तिचा नवरा, साऱ्या कॉलेजला मोठ्या भावासारखा लाडका धनेश भिया. मायक्रोस्कोपलाही कॅमेरा असतो, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

दुपारी तिच्या गाईड, अरुंधती मॅडम, आल्या. त्यांनी कपाळावरची पट्टी पाहिली.

"पाय घसरला," शर्वरी म्हणाली.

मॅडमनी सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. दाट द्रवात हजारो मऊ कण खेटून बसले होते. त्यांतले काही प्रकाश पडला की आक्रसायचे, अंधारात फुगायचे. फुगलेला कण शेजाऱ्यांत अडकतो, आक्रसला की फटीतून निसटतो. असा बदलत बदलत तो किती दूर जातो, हे शर्वरी तीन वर्षं मोजत होती. घरी तीही आक्रसायला शिकली होती. निसटली मात्र कधीच नव्हती, आणि त्याची तिला लाज वाटायची.

पडद्यावर सगळे कण एकदम उसळले. पुन्हा. पुन्हा.

टेबल हललं की असं होतं. मग एक बटण दाबून तेवढी हालचाल पुसून टाकायची, ही रोजची रीत. मॅडमचं बोट त्या बटणावर थांबलं.

"पडलीस तर धक्का एकच बसतो, शर्वरी. हे तीन आहेत."

तेवढ्यात दार ढकलून धनेश आत आला. हातात पोहे-जलेबीचा पुडा होता.

"मॅडम, गरमागरम आहेत, पहले खा लो! हिनं तर सकाळपासून काहीच खाल्लं नाही."

 शर्वरीनं मॅडमचं बोट अलगद बटणावरून बाजूला केलं आणि रेकॉर्डिंग थोडं पुढं सरकवलं. कण जेमतेम हलले.

"तीन नाहीत मॅडम, चार आहेत," ती म्हणाली. "चौथ्या वेळी मी कपाळ आणि टेबलाच्या मध्ये हात घातला होता."