पाय नसलेल्या बाईच्या खडावा

मित्रांनो, हसायचे असेल तर आधी हसून घ्या. माझे तळाचे लाकडी दात झिजले आहेत, पट्टे कितीदा बदलले त्याची गणती नाही, आणि उजवी बाजू मागून कलली आहे. मी खडावांची जुनी जोडी आहे. पण माझ्या नुसत्या आवाजाने जेवढी माणसे दचकली, तेवढी तुमच्या चकचकीत बुटांनी एकदा दचकवून दाखवावीत, मग आपण बोलू.

माझे लाकूड जपानातल्या आइझुच्या डोंगरातले. तिथे घरात मुलगी जन्मली की परसात किरीचे झाड लावतात आणि तिच्या लग्नात ते तोडून तिला कपाट करून देतात. मिचियोचे झाड मात्र लग्नाआधीच पडले. तिचे वडील वारले, घर सोडावे लागले, आणि तिची आई तोकु दोन्ही मुलांना घेऊन टोकियोला निघाली. कपाट काही झाले नाही. त्या झाडातून मी तेवढी घडले. म्हणजे मी बाजारातली नव्हे, रुखवतातली आहे. हे ध्यानात ठेवून पुढचे ऐका.

मिचियो मोठी झाली आणि हलत्या चित्रांच्या, म्हणजे कार्टूनपटांच्या, कारखान्यात रंग भरायला जाऊ लागली. पारदर्शक पातळ तावांवर दिवसभर एकच निळा रंग भरायचा आणि संध्याकाळी मला पायात घालून घरी यायचे. उजवा पाय जरा घसटत चालायची. टाक, आणि मागून ओढलेले टोक. गल्लीच्या वळणावर तो आवाज आला की तोकु भात वाढायला घ्यायची आणि म्हणायची, "आली बघा, रस्ता झाडत."

एका हिवाळ्यात मिचियोच्या छातीत ताप भरला आणि ती गेली. त्या वेळी मी पट्टा बदलायला चांभाराकडे होते, म्हणून तिच्याबरोबर जळले नाही. चांभाराने मला घरी आणून दिले तेव्हा तोकुने नवा पट्टा बोटांनी चाचपला, मला जुन्या रुमालात गुंडाळले आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिले.

आमच्याकडे उन्हाळ्यात पितर घरी येतात. त्यांनी लवकर यावे म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, आणि सावकाश परत जावे म्हणून वांग्याचा बैल. तोकु दरवर्षी घोडा ठेवायची, बैल कधीच नाही. शेजारीण एकदा भीतभीत म्हणाली, की अशाने जीव अडकून पडतो. तोकुने तिला वाटेला लावले. "परतीची सोय कशाला? तिचं घर हेच आहे."

अशी वर्षे गेली, मित्रांनो. अंधारात लाकडाला काय होते, हे कोणी विचारत नाही. ते सुकते, आणि बारीक चिरा पडतात.

तोकुचा मुलगा मोरिओ त्याच चित्रांच्या धंद्यात आवाज करायचा. चित्रातल्या पावसाला तांदूळ, आगीला चुरगळलेला कागद, असे त्याचे काम. एका उन्हाळ्यात जुन्या भुताच्या गोष्टीचे दोन भाग निघाले. एका नावाड्याची मेलेली बायको रोज तिन्हीसांजेला दारात येते आणि दिवा लावते. मोरिओने नव्या खडावा वाजवून पाहिल्या, पण त्या पाटावर मुळा चिरल्यासारख्या वाजत. शेवटी आई न्हाणीघरात गेलेली पाहून त्याने मला उचलले, हातात घातले आणि फळीवर चालवले. झिजलेल्या दाताने आपले काम चोख केले. टाक, आणि मागून ओढलेले टोक.

पहिला भाग दूरदर्शनवर लागला तेव्हा तोकु उकडलेल्या शेवया गार पाण्यात धूत होती. पुढचे मला मोरिओकडून कळले. आवाज ऐकताच तिने ओल्या हातांनी दार उघडले आणि अनवाणी गल्लीच्या वळणापर्यंत गेली. वळणावर कोणी नव्हते. आवाज मागून, तिच्याच घरातून येत होता.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात हजर. तिला बघून मोरिओचा चेहरा उतरला.

"चोरी करायला तुला आईचंच घर सापडलं का रे?" ती म्हणाली. "दे इकडं. आजच देवळात नेऊन जाळते."

दुसरा भाग तीन दिवसांवर आला होता आणि शेवटचा आवाज अजून व्हायचा होता. चित्रकारांचे प्रमुख सुगायासान कमरेत वाकून माफी मागत राहिले. तोकुने पडद्यावरच्या बाईकडे बोट केले. तिच्या झग्याची कड, आमच्याकडे भुतांची काढतात तशी, पायांच्या जागी विरत गेली होती.

"पाय चितारायचे कष्ट वाचवलेत, आणि खडावा मात्र माझ्या घरातनं."

"पाय दिसत नाहीत, म्हणून तर आवाज लागतो, काकू," सुगायासान म्हणाले. "नाहीतर ती आली, हे नवऱ्याला कळणार कसं?"

मोरिओ खाली बघूनच बोलला. "आणि गेली, हे कळायला नको का, आई?"

पडद्याकडे केलेले बोट तोकुने खाली घेतले. मग म्हणाली, "दाखव, कशी जाते ती."

आवाजाविना चित्र सुरू झाले. नावाडी उंबऱ्यावर बसला होता. आज त्याने बायकोसाठी दुसरा पाट मांडला नव्हता. तो तिला म्हणाला, आता जा. ती वाकली आणि वेताच्या बनातून लांब लांब जात दिसेनाशी झाली.

"परत लाव." तोकुने मला मोरिओच्या हातांतून ओढून काढले. "हातानं चालतं का कोणी?"

मिचियोनंतर पहिल्यांदा माझ्यात पाऊल आले, मित्रांनो. म्हातारे, रुंद, भेगाळलेले. तोकु फळीवर उभी राहिली आणि जागच्या जागी चालू लागली. उजवा दात झिजलेला, म्हणून तिचाही पाय आपोआप घसटला. पडद्यावरची बाई बनात शिरली, पुसट झाली, संपली. तोकु चालतच होती. कोणी आवाज टिपणारे यंत्र बंद केले नाही. पावले हलकी झाली, आणखी हलकी झाली, आणि मग लाकूड फळीला नुसते टेकले.

तिने माझ्यातून पाय बाहेर काढले. मला उचलून जोडीने दारात ठेवले, पुढची बाजू बाहेर करून, निघणाऱ्या माणसासाठी ठेवतात तशी.

"नीट जा गं," ती म्हणाली.

मोरिओ मला रुमालात बांधू लागला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "राहू दे इथंच. इतकी वर्षं कपाटात ठेवून मी काय ऐकलं?"

दुसरा भाग लागला त्या संध्याकाळी ती दाराकडे गेली नाही. पडद्यासमोर बसून शेवटचे पाऊल विरेपर्यंत ऐकत राहिली.

त्यानंतर मी पुष्कळ चालले. किती मेलेल्या बायका, किती राजकन्या, एक कोल्हीणसुद्धा माझ्या पायांनी चालली. लोकांनी कौतुक चित्रांचे केले. करू देत. आता आवाज यंत्रातून निघतात आणि मी पुन्हा फडताळात आहे, या खेपेला कारखान्यातल्या. येणारे जाणारे 'किती जुनं' म्हणतात आणि हात न लावता पुढे जातात.

म्हणून एवढेच मागते, मित्रांनो. तुमच्या घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिची गाठ सोडा. धूळ पुसा, तेलाचा हात फिरवा आणि वापरा. आम्ही झिजू, तुटूही. पण तुमच्या मायेपायी आम्हाला मुके करू नका.