रिकामे पोर्ट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी पावणेदहाला तो थेट डोक्यात गेला होता. दहाला ऑनलाइन परीक्षा. दोनशे चाळीस मुलं संगणकांसमोर बसलेली, त्यांतली काही पहाटे अकोले तालुक्यातून जीप धरून नगरला आलेली, आणि एकाही स्क्रीनवर काही उघडत नव्हतं.

मी ज्योती, इथली सिस्टिम ॲडमिन. परीक्षा ज्यावर चालते ती पेटी तीन महिन्यांपूर्वी मीच बसवली. आत आठ पातळ सर्व्हर, त्यांना ब्लेड म्हणतात, आणि मागच्या बाजूला एक स्विच. आठही ब्लेडचा बाहेरच्या जगाशी सगळा व्यवहार त्या एका स्विचमधून होतो.

लॅबला लागूनच असलेल्या सर्व्हर रूममध्ये गेले, तर स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. बाहेरच्या आठ पोर्टांपैकी चारांत केबल होत्या, चार मी रिकामे ठेवले होते. आता एकही रिकामा नव्हता. दोन आखूड पिवळ्या केबल, प्रत्येकीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खुपसलेली. एका पोर्टातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत आत, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मग खऱ्या निरोपाला जागाच उरत नाही.

किल्ली माझ्याशिवाय फक्त गोरक्षनाथ मामांकडे. मामा आमचे शिपाई, एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. ते लॅबच्या दारातच उभे होते.

"अक्कल गहाण ठेवलीय का, मामा? कळत नाही त्याला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

सगळ्या लॅबच्या माना वळल्या. मामा खाली बघत राहिले. मी केबल उपटल्या, ब्लेड पुन्हा चालू केले. परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली.

मग मामा हळूच म्हणाले, "आबासायेब आल्ते साडेनवाला. म्हनले, एवढं भारी मशीन अन् निम्मी भोकं रिकामी? तपासनीची समिती यायलीय, तिला वाटंल कालेज निम्मंच चालतंय. भरून टाक म्हनले. मी भरली."

आबासाहेब म्हणजे संस्थेचे सचिव. मी तावातावाने त्यांच्या केबिनमध्ये शिरले. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "बरं झालं आलात. गोरक्षनाथच्या हलगर्जीपणाचा रिपोर्ट लिहा. सेवापुस्तकात ठपका ठेवू. समितीपुढं विषय मिटला."

"तुम्हीच सांगितलं होतं त्यांना."

"मी शोभेचं सांगितलं. बंद पडेल असं लाव म्हणालो का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षांत ज्या माणसावर एक शेरा नाही, त्याला जाता जाता डाग लावायचा, आणि तो माझ्या हातून. रिपोर्ट लिहायचाच, पण यांच्या नावाने, असं ठरवून मी स्विचच्या नोंदी काढल्या. केबल लागली नऊ छत्तीसला. छान. आणखी पुरावा हवा म्हणून सेटिंगमधले जुने बदल उघडले.

तिथे एक ओळ होती. लूपपासून संरक्षण बंद. बदल करणाऱ्याचं नाव, ज्योती.

असा फेरा लागला की स्विच तो पोर्ट आपणच बंद करतो, अशी सोय त्यात असते. पण त्यापायी प्रत्येक ब्लेडला सुरू होताना अर्धं मिनिट थांबावं लागत होतं. फक्त ब्लेडकडच्या पोर्टांना थांबू नका म्हणून सांगायचं, एवढाच उपाय होता. त्यासाठी स्विचच्या माहितीपुस्तकाची चार पानं वाचावी लागली असती. मी त्या दिवशीही कुणावर तरी चिडलेली होते. सगळी सोयच बंद केली आणि मोकळी झाले.

ती ओळ वाचू शकणारी कॉलेजात मी एकटीच. पुसायला दहा सेकंद पुरे होते. मला माझाच संताप आला. मी तीन वाक्यं लिहिली. केबल लावायला आबासाहेबांनी सांगितलं. मामांनी लावल्या. परीक्षा बंद पडली ती मी संरक्षण काढल्यामुळे.

मामांना बोलावून वाचून दाखवलं.

"म्हंजी मी तारा लावल्या तरी पेपर चालला असता?"

"हो."

मामांनी कागदाकडे बोट केलं. "सायबाला द्या कागुद. पन तुमी वरडला त्या पोरांपुढं. पोरं काय कागुद वाचनार न्हाईत."

परीक्षा संपायला दहा मिनिटं होती. मी मामांना घेऊन लॅबमध्ये गेले आणि वेळ संपल्यावर म्हटलं, कुणी उठू नका. सकाळी मला एकाच दमात एवढं बोलता आलं होतं. आता पहिलं वाक्य मी नुसतं पुटपुटले.

"मॅडम, ऐकू येत नाही," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.