कान स्पष्ट, डोळे पुसट

मी हाताने फोकस करायची जुनी लेन्स बोलतेय, आणि मी पार वैतागले आहे. भावनाला वाटलं होतं, फोटोग्राफी शिकून पवनीला परतले, हातात इतका बारीक टिपणारा कॅमेरा आहे, आता आपल्या बायांचे डोळे साऱ्या जगाशी बोलतील. हाती काय लागलं? पार्वताबाईचा कान.

माझा जन्म रिळाच्या काळातला. भावनाचे वडील सुगत यांनी मला त्यांच्या स्टुडिओसाठी आणलं. फोकस जरासा चुकला तरी पोस्टकार्डाएवढ्या फोटोत खपून जायचा. मग रीळ गेलं, मी कपाटात पडले, काचेवर बुरशी धरू लागली. भावनाने मला पुसून नव्या कॅमेऱ्यावर चढवलं. "यंत्राने ठरवलेला फोकस मला नको," ती म्हणाली. मी सुखावले. पण हा कॅमेरा भारी चुगलखोर. केसाएवढी चूक हातभर करून दाखवतो.

काल आम्ही पार्वताबाईकडे गेलो. गोसीखुर्द धरणात जुनं गाव गेलं, तेव्हापासून ती नव्या गावठाणात राहते. नवरा डोमा वारला तेव्हा ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. त्यात फक्त ठिपके. नात विचारते, "हा कोन आहे?" म्हणून पार्वताबाईला जिवंतपणीच आपला धड फोटो हवा होता.

भावनाने तिला दारासमोर बसवलं आणि माझं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, पुरतं उघडलं. असं केलं की मागचं सगळं विरघळतं, आणि स्पष्ट राहतो तो जेमतेम बोटभर पट्टा. तिने माझी फोकसची कडी फिरवून डोळा गाठला, तेवढ्यात रस्त्यावरून चिंधू म्हणाला, "जयभीम काकी. हिरोईन झाली का वं?"

"जयभीम बापू. तुह्या बायकोले सांग, पुढचा नंबर तिचा."

हात जोडून, वाकून, ती पुन्हा बसली ती दोन बोटं पुढे. भावनाने परत फोकस न करताच बटण दाबलं. मग निकेश आला, मग शाळेतल्या बाई. जयभीमला उत्तर दिल्याशिवाय पार्वताबाई कोणाला जाऊ देईना, आणि भावना काही माझी कडी फिरवेना. फोकस लागला तिथे कॅमेरा पडद्यावर लाल रेघा दाखवतो; त्या चमकत होत्या ना, बस्स. त्या रेघा कानातल्या फुलावर होत्या, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पार्वताबाईने पडद्यात डोकावलं. "माह्या घराची भिंत काहून नाही दिसून राहिली?"

"आजी, मुद्दाम पुसट केलीय. चेहरा उठून दिसतो."

"मंग मी काल निळा रंग कायले देला?"

भावना हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मोठ्या पडद्यावर फोटो उघडले. फुलाची नक्षी लख्ख, डोळे धुक्यात. एकूण एक फोटोत.

सुगत म्हणाले, "लहान काढून दे. कोनाले समजते?"

"भिंतीवर लावायचाय, बाबा. डोमा आजोबांसारखाच करू का?"



आज सकाळी तिने सगळे फोटो पुसले. कपाटावरचा स्टँड उतरवला आणि माझं अ‍ॅपर्चर आठवर आणलं, म्हणजे तोंड बरंच मिटलं, की स्पष्ट पट्टा रुंद व्हावा. ठरवलं ते असं: पुन्हा जायचं, निळी भिंत फोटोत येऊ द्यायची, आणि प्रत्येक जयभीमनंतर पार्वताबाईचा डोळा पडद्यावर मोठा करून फोकस नव्याने लावायचा, मग सगळं गाव त्या रस्त्याने गेलं तरी चालेल.