डक्टची गोम

ओमानमध्ये एसी दुरुस्त करणाऱ्या चार माणसांना वेशभूषेच्या शर्यतीत धावायला सांगितलं की काय होतं, तर गोम होते. डोकं राकेशचं. एसीची हवा वाहून नेणारा तो चंदेरी, सुरकुत्यांचा डक्ट असतो ना, त्याची गोदामात खराब झालेली मोठी गुंडाळी त्याने मुकादमाला विचारून हमरियाच्या आमच्या खोलीवर आणली. उभी कापली, वाकवलेल्या पाइपांवर ताणून शिवली आणि वर चार भोकं पाडली. वरून चार डोकी, खालून आठ पाय. नियम एकच होता, सोंग अखंड पलीकडे गेलं पाहिजे. मधून कोणी बाहेर पडला की सगळेच बाद.

मला यात मजा दिसत नव्हती. गेल्या मे महिन्यात रुवीत काम करताना मी शिडीवरून पडलो आणि उजव्या टाचेचा चुरा झाला. पुढचे सात महिने या तिघांनी मला सांभाळलं. बबनदादाने मला आंघोळ घातली. जैनूभायने, म्हणजे खेडच्या जैनुद्दीनने, स्वतःचा खालचा पलंग दिला आणि पन्नाशीत तो वरच्या पलंगावर चढून झोपू लागला. राकेश गावाला फोन लावून माझ्या आईला सांगायचा की रुपेश साइटवर आहे, मागाहून बोलेल. आणि मी काय केलं? आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. खरं सांगायचं तर मला कुणाचं काही घ्यायला लागलं की रागच येतो. तोंडातून बरं काही निघत नाही.

म्हणून बुधवारी मी जाहीर केलं, "शर्यतीचे तीन किलोमीटर माझ्या पायांनी झाले तर इथे राहतो. नाही झाले तर व्हिसा कॅन्सल करून गावाला जातो. कुणावर भार होऊन राहणार नाही."

जैनूभाय म्हणाला, "इन्शाल्ला." बबनदादा भांडी आपटायला लागला. त्याने भांडी आपटली की समजायचं, त्याला पटलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी अझैब्याच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर जत्राच भरली होती. एक अख्खं कुटुंब बिर्याणीचं पातेलं होऊन आलं होतं, झाकणासकट. दोन नर्स टूथब्रश झाल्या होत्या. एक गृहस्थ सोफा नेसून आले होते आणि दर शंभर पावलांवर स्वतःवरच बसत होते. आमच्या गोमीत राकेश पुढे, मग बबनदादा, मग मी, शेवटी जैनूभाय. राकेश "डावा, उजवा" ओरडायचा आणि आम्ही पाय टाकायचो. अडीच किलोमीटर छान गेले. मी हसलोसुद्धा, ते मला नंतर कळलं.

मग टाच पेटली. मी लंगडायला लागलो तशी गोम मध्येच दुमडली. कडेला एक छोटी मुलगी आईला अडखळत म्हणाली, "आई, त्याचा तो पाय... वर्क नाही करत."

"बस्स. मी बाहेर पडतो," मी म्हणालो.

बबनदादाने मागे हात घालून माझा पट्टा धरला. मागून जैनूभायनेही धरला. "एक, दोन, यल्ला." आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. आउटडोअर युनिट जिन्याने चढवताना आम्ही हेच करतो. पुढचा ओढतो, मागचा तोलतो, आणि दम लागला तरी मध्ये टेकवायचं नाही, टेकवलं की परत उचलवत नाही.

मी भडकलो. "खाली ठेवा मला. माझी अट मोडताय तुम्ही."

"अट तुझी," बबनदादा धापा टाकत म्हणाला. "आम्हाला विचारून घातली होतीस काय रे, मेल्या?"

दादाचा गुडघा प्रत्येक पावलाला कटकट वाजत होता, तो स्वतःच लंगडत होता. मागे जैनूभाय, साखरेचा पेशंट, पहाटेपासून दोन खजुरांवर. सात महिने मी फक्त माझी टाच बघत बसलो होतो. त्या दोघांनी शेवटचे चारशे मीटर मला टेकवलं नाही. मी गोमीत लटकून रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे.

रेषेवरच्या ओमानी बाईंनी आमचे पाय मोजले आणि हिंदीत विचारलं, आठ होते ना, दोन कुठे गेले? राकेश म्हणाला, "मॅडम, आज जुम्मा है, उनकी छुट्टी." त्या हसल्या आणि चारही पदकं दिली.

नंतर आम्ही वाळूत बसलो. मी म्हणालो, "मला बोलता येत नाही, पण ऐका. मी पडल्यापासून तुम्ही जे केलंत ते सख्खा भाऊ करणार नाही. मी एकदाही तसं म्हटलं नाही. आज म्हणतो. मी तुमच्यामुळे उभा आहे." राकेश लगेच मोबाइलमध्ये घुसला. जैनूभाय डोळे पुसत म्हणाला, वाळू गेली.

बबनदादा गुडघा चोळत होता. "शिडीवर तू चढू नकोस. खाली गॅस भरायचं आणि वायरिंग तू बघ. मुकादमाशी मी महिन्यापूर्वीच बोललोय, तो हो म्हणालाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू देतोस होय कुणाला?"

मी पदक गळ्यात घातलं. मग म्हणालो, "राहतो."

दादा उठायला गेला आणि मटकन खाली बसला. गुडघा टम्म सुजला होता. त्याने हात मागितला नाही, तोही माझ्याच जातकुळीचा. मी वाकून त्याचा दंड धरला आणि माझ्या खांद्यावर घेतला. टाच ठणकत होती, पण त्याचा सगळा भार माझ्यावर आला तेव्हा मी जागचा हललो नाही.