सोमवारची नोंद

बंबाच्या तोंडाशी गेलेली दवाखान्याची वही तानुबाईने नत्थुजीच्या हातातून ओढून घेतली. कोपरा धुमसत होता. तो तिने लुगड्यावरच चोळून विझवला.

"सात वर्सांपलीकडचं जाळा, असं नव्या डाक्टरचं फर्मान हाये, बाई," म्हातारा कंपाउंडर म्हणाला. "कपाट फुटाले आलं."

"त्याच्या डाक्टर बापानं जलमभर लोकाईचं दुखनं लिवलं, अन् पोरगा त्याच्यावर आंघोळीचं पानी तापवून राह्यला. त्रेपन्न सालची हेच ना? वाचा. माह्या पुंजारामचं."

नातवाला जाऊन आठ वर्षं झाली होती. चार दिवस ताप अंगावर काढला, मायनं दवाखाना दाखवला नाही, असं म्हणत तानुबाईने सुनेला, सत्यवतीला, अकोटला माहेरी धाडलं होतं. आता शेषराव बायकोला परत आणायचं म्हणत होता. लेकापुढे टाकायला तिला लिहिलेला पुरावा हवा होता.

नत्थुजीने चष्मा पुसला. "गुरुवार. पुंजाराम शेषराव, वय दोन वर्षे. श्वास लागलेला..."

"हेच. गुरुवारी आनलं."

"वर सोमवारचंबी हाये."

तानुबाईचा हात पदराशी थांबला. त्या सोमवारी सत्यवती लेकराला काखेत घेऊन देवीची ओटी भरायला गेली होती. उन्हं कलल्यावर आली, तेव्हा तानुबाईने विचारलं होतं, देवी काय मूर्तिजापूरले गेलती?

"वाचा."

"आईने आणले. ताप, छाती भरलेली. मूल दवाखान्यात ठेवण्यास सांगितले. आईचा नकार. घरी घट बसले आहेत..." तो थांबला.

"घशात काय अडकलं तुमच्या?"

"घट असताना घरचे माणूस रात्री बाहेर ठेवत नाहीत. सासूला विचारण्यास भिते."

तानुबाई पायरीवर बसली. सुनेनं तेव्हा विचारलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं, हे ती आठवू पाहत होती. मग तिला आपलाच आवाज स्वच्छ ऐकू आला.

नत्थुजीने हात पुढे केला. "टाकू काय, बाई? कोनाले मालूम?"

मांडीवरची वही अजून ऊन होती. कपाळावर ठेवावा तसा तिने तिच्यावर तळवा ठेवला.

"शेषरावले धाडतो उद्या," ती म्हणाली. "तो शिकेल हाये. त्याच्या हातात द्या, त्याचा तो वाचते."

"सोमवारचंबी?"

तानुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"सोमवारचंच. गुरुवारचं त्याले ठाऊक हाये."